ॲलिसचे सिनेमे शेजारी शेजारी ठेवून कसे बघावेत

‘सिनेमा पुस्तकाला धरून आहे का?’ हा प्रश्न ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या बाबतीत फारसा कामाचा नाही. पूर्ण धरून असलेला एकही सिनेमा निघालेला नाही. लुईस कॅरलच्या १८६५ सालच्या या पुस्तकात १२ प्रकरणं आहेत, शब्द साधारण २७ हजार, आणि ज्याला आपण कथानक म्हणतो ते जवळजवळ नाहीच. एक मुलगी एका विक्षिप्त प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येक जण तिच्याशी हुज्जत घालतो, ती कंटाळून किंवा चिडून पुढे निघते. वाचताना हे चालतं. पडद्यावर मात्र दहाव्या मिनिटाला प्रेक्षक विचारतो, ही पोर पुढे का चालली आहे? तिला हवंय काय? प्रत्येक दिग्दर्शकाला याचं उत्तर शोधावं लागलं आणि प्रत्येकानं ते वेगळं शोधलं. तुलना करायची ती या उत्तरांची.

म्हणून काय गाळलं याची यादी करत बसू नका. पुस्तकातली एखादी गोष्ट ॲलिसकडून काढून सिनेमात कुणाला दिली, ते बघा. एखादं वाक्य, कविता, निर्णय, राग. या एका नजरेनं पाहिलं तर एरवी विस्कळीत वाटणारी तुलना आपोआप रांगेत येते.

आधी पुस्तक, हातात पेन्सिल घेऊन

लहानपणी वाचलंय, आठवतंय, एवढ्यावर भागत नाही. बहुतेकांच्या डोक्यात पुस्तक म्हणून जे असतं ते खरं तर १९५१चं डिस्नेचं कार्टून असतं. स्वतःची परीक्षा घ्या: बोलणारी दाराची मूठ, वाढदिवस नसलेल्या दिवसाची पार्टी, ट्वीडलडम-ट्वीडलडी हे जुळे, बोलणारी फुलं. यातलं ‘वंडरलँड’मध्ये काय आहे? काहीच नाही. जुळे आणि फुलं आहेत १८७१च्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये. वाढदिवस नसलेल्या दिवसाची कल्पनाही तिथलीच, पण ती मांडतो हम्प्टी डम्प्टी, टोपीवाला नव्हे. दाराची मूठ तर दोन्ही पुस्तकांत नाही. तेव्हा दोन्ही पुस्तकं वाचा आणि प्रत्येक प्रसंगापुढे तो कुठल्या पुस्तकाच्या कितव्या प्रकरणातला हे लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर ‘हे पुस्तकात नाही’ असं ठणकावून सांगितलेलं वाक्य हमखास तोंडघशी पाडतं.

प्रत घेताना जॉन टेनिएलची चित्रं असलेली घ्या. पहिल्या पुस्तकात त्याची ४२ चित्रं आहेत आणि कितीतरी सिनेमांचे पोशाख आणि मांडणी थेट त्यांवरून उचललेली आहे. एखादी फ्रेम ओळखीची वाटली तर ती कॅरलच्या मजकुरातून आली की टेनिएलच्या चित्रातून, हे वेगळं सांगता यायला हवं.

वाचताना तीन प्रकारच्या ओळींना वेगवेगळ्या खुणा करा: ॲलिस मोठ्यानं बोलते त्या, मनात म्हणते त्या, आणि निवेदक तिच्याबद्दल कंसात बारीक टोमणा मारतो त्या. निम्मी गंमत या तिसऱ्या प्रकारात आहे आणि पडद्यावर सगळ्यात आधी तीच उडते, कारण निवेदकाला चेहरा नसतो.

शिवाय ॲलिसची उंची टिपा. कॅरल मापं चोख देतो: छोटं दार १५ इंचांचं, बाटलीतलं पिऊन ॲलिस १० इंचांची होते, केक खाऊन ९ फुटांच्या वर जाते, सुरवंटाला भेटते तेव्हा ३ इंच, डचेसच्या घरात शिरताना ९ इंच, चहापानाच्या टेबलापाशी सुमारे २ फूट, आणि शेवटी बागेत जाण्यासाठी साधारण १ फूट. ही बाग म्हणजेच पुस्तकातलं ॲलिसचं एकमेव ठरलेलं ध्येय. पहिल्या प्रकरणात ती दारातून बाग पाहते, सातव्याच्या शेवटी तिथे पोचते, आणि आठव्यात तिथे बदाम राणीचा क्रोके या खेळाचा गोंधळ चाललेला असतो. ध्येय हाती येतं आणि फुसकं निघतं. सिनेमांनी नेमका हाच भाग बदललाय, म्हणून तो अधोरेखित करून ठेवा.

कोणते सिनेमे घ्यायचे

पाच पुरेत. सात-आठ घेतले तर प्रत्येकाला दोन-दोन ओळी मिळतात आणि तुलनेची नुसती यादी होते.

१९०३चा सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांचा मूकपट घ्या. पडद्यावरची ही पहिली ॲलिस. १९५१चं डिस्नेचं ७५ मिनिटांचं अ‍ॅनिमेशन टाळताच येणार नाही. १९६६चा जोनाथन मिलरचा बीबीसीसाठी केलेला कृष्णधवल टीव्हीपट आवर्जून घ्या: यात प्राण्यांचे मुखवटे नाहीत, सगळे व्हिक्टोरियन कपड्यांतली माणसंच आहेत, आणि संगीत रविशंकर यांचं आहे. झेक दिग्दर्शक यान श्वांकमायरचा १९८८चा सिनेमा हवाच; त्यात एक खरी मुलगी सोडली तर बाकी सगळं बाहुल्या, हाडं, मोजे आणि पेंढा भरलेले प्राणी. शेवटचा टिम बर्टनचा २०१०चा.

बर्टनच्या बाबतीत एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. तो पुस्तकाचं माध्यमांतर नाही, पुढची गोष्ट आहे. त्यातली ॲलिस १९ वर्षांची आहे, लहानपणी इथे येऊन गेलेली आणि ते विसरलेली. त्यामुळे ‘अमुक प्रसंग गाळला’ ही तक्रार त्याला लागू पडत नाही. त्यानं कोणती पात्रं परत बोलावली आणि त्यांना कोणतं नवं काम दिलं, एवढंच विचारा. बदाम राणी आणि दुसऱ्या पुस्तकातली बुद्धिबळातली लाल राणी यांची त्यानं एकच बाई केलीय, हे उदाहरण सुरुवातीला चांगलं.

१९३३चा पॅरामाउंटचा सिनेमा सहावा म्हणून मोह पाडतो. कॅरी ग्रँट, गॅरी कूपर, डब्ल्यू. सी. फील्ड्स असे नामवंत, आणि बरेचसे जाडजूड मुखवट्यांआड. टेनिएलची चित्रं हुबेहूब उभी करायच्या नादात नटांचे चेहरेच गेले. मॉक टर्टल या कासवासारख्या पात्रातला कॅरी ग्रँट सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. मिलरनं मुखवटे का काढले हे समजायला याची १० मिनिटं पाहिली तरी काम होतं.

कोणती प्रत बघताय ते तपासा

हे कंटाळवाणं काम आहे, पण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एकाच सिनेमाच्या दोन प्रतींच्या लांबीत फरक असला म्हणजे दृश्य कापलंय असं नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. युरोप-भारतातल्या पाल (PAL) पद्धतीच्या टीव्ही आणि डीव्हीडीवर तो २५ने चालवला जातो. म्हणजे ४ टक्के वेग वाढतो, ७५ मिनिटांचा सिनेमा ७२ मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. तेव्हा ३ मिनिटं कमी दिसली तर आधी हा गुणाकार करा, मगच सेन्सॉरकडे बोट दाखवा. १९५१च्या सिनेमाचं मात्र खरंच कापलेलं रूप आहे: १९५४मध्ये डिस्नेनं तो आपल्या टीव्ही कार्यक्रमात तासाभरात बसवून दाखवला होता.

मूकपटाची गोष्ट वेगळी. १९०३ची ॲलिस मूळ सुमारे १२ मिनिटांची होती. आज उरलेली प्रत त्याहून लहान आणि जागोजागी खराब आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१०मध्ये मूळच्या रंगछटांसह ती पुन्हा उभी केली, तीच बघा. इंटरनेटवरच्या काही प्रतींत माणसं टुणटुण पळताना दिसतात. तो दिग्दर्शकाचा विनोद नव्हे, कमी वेगानं चित्रित केलेली फिल्म जास्त वेगानं चालवल्याचा परिणाम आहे. आणि या सिनेमात एखादा प्रसंग दिसला नाही तर ‘गाळला’ असं लिहू नका, ‘उरलेल्या प्रतीत नाही’ असं लिहा.

डब केलेली प्रत तुलनेसाठी घेऊ नका. श्वांकमायरचा सिनेमा इंग्रजी आवाजात सर्रास मिळतो. शक्य असेल तर झेक आवाज आणि सबटायटल्स घ्या. त्यात प्रत्येक संवादानंतर पडदाभर ॲलिसचे ओठ दिसतात आणि ते म्हणतात, ‘…असं पांढरा ससा म्हणाला.’ निवेदकाला चेहरा नसतो ही अडचण त्यानं अशी सोडवली: निवेदकाचं काम ॲलिसच्याच तोंडाला दिलं. बाहुल्या स्वतः बोलत नाहीत, तीच सगळ्यांच्या वतीनं बोलते. डबिंगमध्ये ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की ही सगळी करामत वाया जाते.

तक्ता कसा आखायचा

पूर्ण सिनेमा पूर्ण सिनेमाशी ताडू नका, प्रसंग प्रसंगाशी ताडा. चार प्रसंग निवडा: बिळातली पडझड, सुरवंटाची भेट, चहापान, खटला. ते सगळ्यांत जसेच्या तसे सापडणार नाहीत. जागा रिकामी राहिली तर तीही नोंदच.

प्रत्येक सिनेमा आधी एकदा विनाव्यत्यय, वही बंद ठेवून बघा. दुसऱ्यांदा फक्त निवडलेले प्रसंग, थांबवत थांबवत. तक्त्यात पाच रकाने पुरतात: टाइमकोड (प्रसंग कितव्या मिनिट-सेकंदाला येतो), प्रसंगाची लांबी सेकंदांत, मूळ प्रकरण, ‘आता हे कोण बोलतं किंवा करतं’, आणि कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे. शेवटचा रकाना लोक सोडून देतात. ॲलिसच्या सिनेमात तो सोडणं म्हणजे पाणीपुरवठ्याच्या नकाशात उतार न दाखवण्यासारखं आहे. ती ३ इंचांची असताना कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी असेल तर जग मोठं झालंय. वर असेल तर ती लहान झालीय. दोन्ही एक नव्हे.

उंची बदलण्याचं तंत्रही याच रकान्यात टिपा. हेपवर्थनं कॅमेऱ्याच्या युक्तीनं तिला मोठी-लहान केली. श्वांकमायरची ॲलिस लहान झाली की चक्क चिनीमातीची बाहुली होते, म्हणजे इतर वस्तूंतली एक वस्तू. बर्टनच्या सिनेमात ती आक्रसते पण कपडे आक्रसत नाहीत. ती स्वतःच्या झग्यात बुडते. पुस्तकात कपड्यांचा प्रश्नच येत नाही, ते गुपचूप तिच्याबरोबर लहान-मोठे होतात. १९ वर्षांची नायिका घेतल्यावर मात्र तो प्रश्न येतो आणि बर्टनला उत्तर द्यावं लागतं. नायिकेचं वय बदललं की असे कितीतरी तपशील आपोआप बदलतात. ‘वय वाढवलं’ एवढी नोंद अपुरी आहे, त्यामुळे पुढे काय काय सरकलं ते शोधा.

पडझड: मार्मलेडची बरणी

पडता पडता ॲलिस एका फळीवरून मार्मलेडची बरणी उचलते. ती रिकामी निघते. खाली टाकली तर कुणाच्या डोक्यात पडेल, म्हणून पडतानाच ती दुसऱ्या कपाटात नीट ठेवून देते. सगळी ॲलिस एवढ्या तपशिलात आलीय: जग उलटंपालटं झालं तरी हिची शिस्त सुटत नाही. आता बघा. डिस्नेच्या ॲलिसचा झगा छत्रीसारखा फुलतो आणि ती तरंगत, आपल्या घरच्या मांजरीचा निरोप घेत खाली जाते, धोका नाहीच. श्वांकमायरची ॲलिस टेबलाच्या खणातून आत शिरते आणि पुढे एका लिफ्टमधून फळ्यांवरच्या बरण्या न्याहाळत उतरते; पडणं नाही, एखाद्या जुन्या माळ्याची तपासणी चाललीय असं वाटतं. बर्टनची ॲलिस पियानो आणि पलंगाला धडकत आदळत जाते. तिन्हीकडे खाली जाणं आहे, पण विचार करायला सवड फक्त एकीकडे आहे. सेकंद मोजलेत तर हे आकड्यांत दिसेल.

सुरवंट: कविता कुणाची?

पुस्तकात ॲलिस तीनदा शाळेतली कविता म्हणायला जाते आणि तिन्ही वेळा भलतंच बाहेर पडतं. दुसऱ्या प्रकरणात मगरीची कविता, पाचव्यात सुरवंटासमोर म्हातारबाबा विल्यमची, दहाव्यात लॉब्स्टरची. आपण आपणच आहोत ना, ही तिची धास्ती या कवितांमधून येते. १९५१च्या सिनेमात मगरीची कविता सुरवंट म्हणतो आणि म्हातारबाबा विल्यमची कविता ते जुळे सुरू करतात. पहिल्या दोन्ही कविता राहिल्या, धास्ती गेली. ‘कविता ठेवल्या’ अशी टिकमार्क करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. ‘कोण बोलतं’ या रकान्यात मात्र लगेच डोळ्यांत भरतं.

त्या धास्तीच्या जागी डिस्नेनं काय ठेवलं? घरची ओढ. जंगलात एकटी पडलेली ॲलिस रडत गाते, तिला घरी जायचंय. पुस्तकातल्या बागेची जागा घरानं घेतली आणि भटकंतीची झाली परतीची वाट.

चहापान

हा प्रसंग सगळ्यांना आवडतो, म्हणून इथे तुलना ढिली पडते. एकच गोष्ट धरा: वेळ. पुस्तकात टोपीवाल्याचं काळाशी भांडण झालंय आणि घड्याळ कायमचं सहावर अडकलंय, म्हणून चहा संपतच नाही. डिस्नेनं अडकलेला काळ काढला आणि पार्टी ठेवली. पांढऱ्या सशाच्या घड्याळात लोणी, जॅम कोंबून शेवटी त्याचा चुराडा होतो, वेग वाढतच जातो. श्वांकमायरनं नेमकं उलट केलं: लाकडी टोपीवाला आणि चावी देऊन चालणारा मार्च हेअर हा दुसरा ससा त्याच त्याच हालचाली पुन्हा पुन्हा करतात, इतक्या वेळा की बघणाऱ्याला अस्वस्थ व्हायला होतं. मिलरकडे पीटर कुकचा टोपीवाला आहे आणि लांबलेल्या, शिळ्या दुपारचा कंटाळा आहे. पुस्तकातली शिक्षा मिलर आणि श्वांकमायर यांनी ओळखली, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही. निवाडा द्यायला घाबरू नका, फक्त तो कशावरून दिला ते सेकंदांत दाखवा.

खटला: इथे सगळं उघडं पडतं

वेळ एकाच प्रसंगाला असेल तर हा घ्या.

पुस्तकात खटला टार्ट चोरल्याचा आहे आणि आरोपी पत्त्यांतला बदाम गुलाम आहे. ॲलिस फक्त साक्षीदार. कोर्टात बसल्या बसल्या ती वाढू लागते. काही न खाता, काही न पिता. आधीच्या प्रत्येक वेळी बाटली, केक, पंखा किंवा मश्रूम लागलं होतं. ही वाढ तिची स्वतःची. राजा नियम ४२ काढतो की मैलभर उंच माणसांनी कोर्ट सोडावं, ती ऐकत नाही, आणि पूर्ण उंचीला पोचल्यावर सांगते की तुम्ही म्हणजे नुसता पत्त्यांचा कॅट. पत्ते अंगावर उडतात, ती बहिणीच्या मांडीवर जागी होते.

१९५१मध्ये आरोपी ॲलिसच आहे. टार्ट नाहीतच, हसऱ्या चेशायर मांजरानं राणीची फजिती केली आणि आळ हिच्यावर आला. ती खिशातले मश्रूमचे तुकडे खाऊन वाढते. नियम ४२ इथेही आहे. मग ती राणीला चार शब्द सुनावू लागते, आणि बोलता बोलताच पुन्हा लहान होत जाते. राणी गोड आवाजात विचारते, काय म्हणत होतीस बाळ? आणि ते अपमानाचं वाक्य पूर्ण उच्चारतं मांजर. ॲलिस पळते, दाराशी पोचते, झोपलेल्या स्वतःला हाका मारते. पुस्तकातली ॲलिस स्वप्न मोडते. ही स्वप्नातून पळ काढते. प्रसंग तोच, नियम तोच, पण वाढीचं श्रेय मश्रूमला गेलं आणि शेवटचा शब्द मांजराला.

श्वांकमायरच्या कोर्टात ॲलिसच्या हाती लिहून दिलेला कबुलीजबाब ठेवतात आणि तोच वाच असं बजावतात. ती वाचण्याऐवजी पुरावा, म्हणजे टार्ट, खाऊन टाकते. शिरच्छेदाचा हुकूम सुटतो तेव्हा तिच्या धडावर एकामागून एक वेगवेगळी डोकी येऊ लागतात आणि ती विचारते, कोणतं? जागी झाल्यावर सशाची काचपेटी फुटलेली आणि रिकामी दिसते. तिच्या हाती कात्री लागते आणि ससा आला की त्याचं डोकं उडवावं असं ती ठरवू लागते. बर्टनकडे खटल्याच्या जागी लढाई आहे: चिलखतातली ॲलिस राक्षसाचं मुंडकं उडवते आणि राणीचं ठेवणीतलं वाक्य ती स्वतः म्हणते.

म्हणजे शिरच्छेदाची धमकी दोन्हीकडे राणीकडून ॲलिसकडे आली. पण श्वांकमायरकडे त्यानं अंगावर काटा येतो, बर्टनकडे तो विजय समजायचा असतो. पुस्तकात तिला तलवार लागली नाही, कात्रीही नाही. हा मुद्दा तुमच्या लेखाचा कणा होऊ शकतो. मिलरचा खटला याच चार प्रश्नांनी स्वतः भरून बघा: आरोपी कोण, उंची कशानं बदलते, शेवटचं वाक्य कुणाचं, जाग कशी येते.

लिहिताना

कथासार लेखाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नका. प्रत्येक उल्लेखात साल घाला; नावं इतकी सारखी आहेत की दुसऱ्या परिच्छेदात वाचक हरवतो. कोणती प्रत पाहिली हे एका ओळीत सुरुवातीलाच सांगा. माध्यमाची गरज आणि दिग्दर्शकाची निवड यांत गल्लत नको: १९५१च्या स्टुडिओ अ‍ॅनिमेशनमध्ये डझनाहून अधिक गाणी असणं ही चालत आलेली रीत, पण मगरीची कविता सुरवंटाला देणं ही निवड.

मश्रूम आणि हुक्का दिसला की अमली पदार्थांचा सिद्धांत मांडायचा मोह आवरा. तो अर्थ प्रामुख्यानं १९६०च्या दशकात पुस्तकावर चढला; एखाद्या सिनेमातल्या विशिष्ट फ्रेमवर बोट ठेवता येत असेल तरच लिहा.

आणि नंतर कुणी विचारलं, १९७२ची ब्रिटिश संगीतिका किंवा १९९९चा टीव्हीपट का नाही घेतला, तर सगळा तक्ता पुन्हा आखायची गरज नाही. त्या सिनेमाचा फक्त खटला पाहा, वरचे चार प्रश्न विचारा आणि एक ओळ जोडा. अर्ध्या तासाचं काम.